शांततेचे क्षेत्रफळ

गणनयंत्राची कल्पना ज्याच्या मस्तकात प्रथम पूर्णाकृती उभी राहिली त्या चार्ल्स बॅबेजला आवाजाचा विलक्षण तिटकारा होता, हा योगायोग मला इतिहासाच्या खोडकर वृत्तीला साजेसा वाटत आला आहे. लंडनच्या डॉर्सेट स्ट्रीटवरील त्याच्या घराखाली हातऑर्गन वाजवणारे फिरस्ते येऊन उभे राहत आणि वर दातेरी चक्रांच्या आराखड्यांवर वाकलेल्या या गणितीचा संताप अनावर होई. त्याने तक्रारी केल्या, न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या, आत्मचरित्रात रस्त्यावरच्या उपद्रवांना एक स्वतंत्र प्रकरण बहाल केले. १८६४ साली फिरत्या वादकांना आवर घालणारा कायदा ब्रिटिश संसदेने संमत केला त्यात या चिकाटीचाही वाटा होता. त्या कायद्याच्या समर्थनार्थ डिकन्सने जे पत्र लिहिले त्यावर टेनिसन आणि कार्लाइल यांच्याही सह्या होत्या. कार्लाइलची गोष्ट तर आणखी करुण. त्याने दहाएक वर्षे आधीच चेल्सीतल्या घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची ध्वनिरोधक अभ्यासिका बांधून घेतली होती, आणि ती पुरी झाल्यावर त्याला उमगले की शेजारचे आवाज अडवता अडवता तिने पूर्वी कधी कानी न आलेले दूरदूरचे आवाज आत घ्यायला सुरुवात केली आहे. एक आवाज मावळला की त्याच्यामागे दडलेला दुसरा उगवतो. शांततेच्या शोधात निघालेल्या माणसाला हा अनुभव सहसा चुकत नाही.

बॅबेजचे स्वतःचे यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले असते, तर त्या घरातला सर्वांत मोठा गोंगाट बहुधा त्याचाच ठरला असता. त्याच्या जन्माच्या द्विशताब्दीला, १९९१ मध्ये, लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याच्या दुसऱ्या डिफरन्स एंजिनचा गणनेचा भाग मूळ आराखड्यांवरून घडवला आणि २००२ मध्ये त्याला मुद्रणाची जोड दिली. सुमारे आठ हजार भाग, पाच टन वजन, आणि दांडा फिरवताच स्तंभास्तंभांतून सरकत जाणारा धातूचा खणखणाट. आजच्या प्रोसेसरमध्ये हलणारा एकही भाग नाही. अब्जावधी ट्रान्झिस्टर सेकंदाला अब्जावधी वेळा उघडतात, मिटतात आणि त्यातून ध्वनीचा कणही बाहेर पडत नाही. तरीही टेबलाखालचा संगणक घरघरतो, कारण विचार आवाजाशिवाय होऊ शकला तरी तापल्याशिवाय होत नाही, आणि त्या तापलेल्या पृष्ठभागावरून वारा वाहता ठेवायला पंखा लागतो. आपण जो ऐकतो तो बुद्धीने केलेल्या श्रमाचा उच्छ्वास असतो.

हे सारे मनात घोळायला निमित्त अगदी किरकोळ आहे. लेखनासाठी आणि थोड्याफार छायाचित्र-संपादनासाठी जुळवायच्या एका डेस्कटॉपला प्रोसेसर-कूलर निवडायचा आहे. अपेक्षा साधी: त्याने आपले काम चोख करावे आणि रात्री त्याचे अस्तित्व कानांना जाणवू नये. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ही अपेक्षा बोलून दाखवली की दुकानदार आधी दिव्यांचे कूलर समोर मांडतो. इंद्रधनुष्यी, नाचरे, काचेच्या कॅबिनेटमधून झळकणारे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. प्रकाश दाखवता येतो. शांतता त्या रस्त्यावरच्या हॉर्नच्या कल्लोळात दाखवायची कशी? जी गोष्ट केवळ अभावाने ओळखली जाते तिचा बाजार मांडणे नेहमीच अवघड गेले आहे.

उष्णतेचा प्रश्न मुळात राशीपेक्षा दाटीचा आहे. शंभर वॅट म्हणजे जुन्या काळच्या एका पिवळ्या दिव्याइतकी वीज. त्या दिव्याला कोणी पंखा लावला नव्हता. पण आजच्या काही प्रोसेसरांत तितकीच ऊर्जा सुमारे ७० चौरस मिलिमीटरच्या, करंगळीच्या नखाएवढ्या सिलिकॉनमधून बाहेर येऊ पाहते, आणि हिशेब केला तर ही प्रखरता वैशाखातल्या माध्यान्हीच्या उन्हाच्या हजारपटींहून अधिक भरते. १९७१ मधल्या इंटेल ४००४ मध्ये २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्याला एक वॅटही लागत नसे. पुढे १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक आश्वासक नियम मांडला: ट्रान्झिस्टर लहान होत गेला तरी चौरस मिलिमीटरमागे लागणारी वीज वाढणार नाही. तीसएक वर्षे जग या आश्वासनावर विसंबून राहिले. मग ते निसटले. २००१ मध्येच इंटेलच्या पॅट गेल्सिंगरने इशारा दिला होता की असेच चालू राहिले तर चिपच्या पृष्ठावरील ऊर्जेची घनता प्रथम अणुभट्टीशी, मग रॉकेटच्या नळकांड्याशी आणि शेवटी सूर्याच्या पृष्ठभागाशी स्पर्धा करू लागेल. ते घडले नाही, कारण अभियंत्यांनी घड्याळाचा वेग रोखला आणि एका गाभ्याऐवजी अनेक गाभे शेजारी शेजारी बसवले. महत्त्वाकांक्षेने उंची सोडून रुंदी धरली. तिला वळण लागले, विसावा मात्र लाभला नाही.

पण विचाराला उष्णतेचा हा कर द्यावाच का लागतो? या प्रश्नाचे मला ठाऊक असलेले सर्वांत सुंदर उत्तर १९६१ चे आहे. आयबीएममधील भौतिकशास्त्रज्ञ रोल्फ लँडाउअर याने दाखवले की माहिती पुसण्याला एक किमान किंमत आहे: खोलीच्या तापमानाला एक बिट पुसताना सुमारे तीन गुणिले दहाचा उणे एकविसावा घात इतके ज्यूल भोवतालात सांडतातच. पुढे, १९७३ मध्ये, चार्ल्स बेनेट याने मांडले की मागे परतण्याची वाट राखून, म्हणजे काहीच कायमचे न पुसता, केलेल्या गणनेला तत्त्वतः हा करही द्यावा लागू नये. आजचे प्रोसेसर या सीमेच्या हजारो पट वर जळत असतात, त्यामुळे कूलर निवडताना हे ज्ञान कवडीच्या कामाचे नाही. तरी मला ते पुन्हा पुन्हा आठवते. आपल्याकडे स्मरणाला तप मानले गेले, विस्मरणाकडे सहज घडणारी, फुकटची गोष्ट म्हणून पाहिले गेले. भौतिकशास्त्र मात्र सांगते की धारण करण्याला तत्त्वतः मूल्य नाही, ताप आहे तो सोडून देण्यात. आणि दुःख विसरू पाहणाऱ्या माणसाच्या कपाळावर हात ठेवून पाहिलेल्या कोणालाही हे सांगणे परके वाटू नये.

आता कूलरकडे वळू. टॉवर कूलर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात तळाशी तांब्याची एक सपाट बैठक असते, तिच्यातून पाचसहा नळ्या वर उठतात आणि अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या चळतीतून आरपार जातात. या हीट पाइप वरवर भरीव तांब्याच्या भासल्या तरी आतून पोकळ असतात. आत हवा जवळजवळ नाही, किंचितसे पाणी आहे आणि भिंतींना आतून तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र लेप आहे. हवेचा दाब नसल्याने ते पाणी थोड्याशा उष्णतेनेही वाफ होते, वाफ वरच्या थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होऊन आपला ताप पत्र्यांना देते आणि त्या सच्छिद्र लेपातून झिरपत खाली परतते. ना पंप, ना झडप. उन्हाळ्यात ओसरीवर ठेवलेल्या माठाचे रहस्य हेच आहे. तिथेही बाहेर झिरपलेले पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची ऊब घेऊन जाते. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला चार ज्यूलच्या आसपास लागतात, पण त्याचीच वाफ करायला सव्वादोन हजारांहून अधिक. कुंभाराच्या माठातले पाणी वाऱ्याबरोबर निघून जाते, या नळीतले त्याच बंद जागेत जन्मभर वर-खाली येरझारा घालत राहते, एवढाच काय तो फरक.

या नळीचा जन्मही दोनदा झालेला. जनरल मोटर्समधील रिचर्ड गॉगलर याने तिचे पेटंट १९४४ मध्ये मिळवले, ते शीतकपाटांचा विचार करताना. मग कोणी तिच्याकडे पाहिले नाही. १९६३ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर याने ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली, कारण अंतराळयानांना गुरुत्वाकर्षणाच्या मदतीवाचून उष्णता हलवणारे साधन हवे होते, आणि १९६७ मध्ये ती पृथ्वीच्या कक्षेत चाचणीसाठी गेलीसुद्धा. अवकाशासाठी घडवलेली वस्तू आज एखाद्या विद्यार्थ्याच्या टेबलाखाली धूळ खात काम करते. कल्पनांचे हे अकाली जन्म मला नेहमी अंतर्मुख करतात: गॉगलरची नळी सदोष नव्हती, तिला फक्त जगाला पुरेसा ताप चढेपर्यंत वाट पाहावी लागली.

वाफेने उष्णता वर नेली, तरी ती अखेर हवेच्या हवाली करायची असते, आणि हवा ही मोठी अनिच्छुक वाहक आहे. तांब्याची उष्णतावहनाची क्षमता तिच्यापेक्षा पंधरा हजार पटींच्या घरात. म्हणूनच प्रोसेसर आणि कूलरची बैठक यांच्यामधल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचाखोचांत अडकलेली हवा हुसकायला थर्मल पेस्टचा थेंब लागतो, आणि म्हणूनच ती पत्र्यांची चळत लागते. एखाद्या मोठ्या दुहेरी टॉवरच्या सर्व पत्र्यांच्या दोन्ही बाजू मोजल्या तर क्षेत्रफळ एका चौरस मीटरच्या आसपास जाते. नखाएवढ्या जागेतला दाह दहा हजार पटींहून मोठ्या अंगणात पसरवायचा, असा हा उद्योग. अंगण जितके मोठे, तितका वारा मंद असून भागतो. पंख्यांचे गणितही याच दिशेला बोट दाखवते: त्याच पंख्याचा वेग निम्मा केला की वारा निम्मा होतो, वीज आठव्या हिश्शावर येते, आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, जिथे १० डेसिबलची घट कानाला निम्म्यासारखी वाटते. वाऱ्याची निम्मी कमाई सोडली की शांततेचे एवढे मोठे दान पदरात पडते. लहान वस्तूला धावावे लागते, विस्तीर्ण वस्तू संथ राहू शकते. घाईत बोलणाऱ्या आणि सावकाश बोलणाऱ्या माणसांतला भेदही मला कधीकधी असाच, अंतरंगातल्या जागेचा वाटतो.

ज्या ऑस्ट्रियन कंपनीचे कूलर शांततेचा मानदंड मानले जातात तिचे नाव नॉक्टुआ. २००५ मध्ये स्थापन झालेली, बोधचिन्ह घुबडाचे. ते नाव अथेनी देवीच्या छोट्या घुबडाचे, आणि आपल्या आमराईतला पिंगळा त्याच कुळातला. घुबडाच्या निःशब्द उड्डाणाविषयी १९३४ मध्ये इंग्लंडच्या आर. आर. ग्रॅहम याने एक निबंध लिहिला होता, त्याचा आधार अभ्यासक अजून घेतात: पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते, मागच्या कडेला झालर, आणि पृष्ठावर मखमली लव. वारा फाटत नाही, विंचरला जातो. पंख्यांच्या पात्यांवर आज जे खाचे आणि रेघा कोरलेल्या दिसतात त्यांत या पिसांची आठवण आहे. पण त्या साऱ्या अभ्यासातली एक नोंद मला विशेष प्रिय आहे: मासे मारून जगणाऱ्या घुबडांच्या पंखांवर ही झालर जवळजवळ नसतेच. पाण्याखालच्या माशाला हवेतल्या पंखांची चाहूल लागत नाही, मग निसर्गाने ती कलाकुसर करावी कोणासाठी? मौनालासुद्धा श्रोता लागतो. ज्याला ऐकणारा नाही त्याला गप्प राहण्याचे कारणही उरत नाही.

आणि श्रोता म्हणजे केवळ कान नव्हेत. खोक्यावर छापलेला डेसिबलचा आकडा ध्वनीची सरासरी सांगतो, स्वभाव सांगत नाही. नऊ पात्यांचा पंखा मिनिटाला १,२०० फेरे घेतो तेव्हा १८० हर्ट्झचा एक मंद सूर त्याच्या श्वासात मिसळलेला असतो. बेअरिंग हलके असेल तर त्यावर एक बारीक करकर चढते. आणि दुहेरी टॉवरवरचे दोन पंखे जवळजवळ सारख्या, पण नेमक्या सारख्या नसलेल्या वेगाने फिरू लागले की त्यांच्या सुरांत डोल येतो, तंबोऱ्याची जोडी पुरती जुळण्याआधी येतो तसाच. तंबोरा जुळवणारा तारा सरकवून तो डोल घालवतो. पंखा बनवणारे उलट मार्गाने जातात, दोन पंख्यांच्या वेगात मुद्दाम थोडे अंतर ठेवतात, म्हणजे तो डोल इतका जलद होतो की कानाला लाट म्हणून जाणवत नाही. चार पिनांच्या पंख्याला वेग कमी-जास्त करण्यासाठी जी विजेची स्पंदने दिली जातात ती सेकंदाला सुमारे २५ हजार, माणसाच्या श्रवणाच्या पलीकडची, हीसुद्धा कोणीतरी कोणाच्या तरी रात्रीचा विचार करून ठरवलेली मर्यादा. तरी सर्वांत छळवादी असतो तो मोठा आवाज नव्हे, बदलणारा आवाज. पान उघडताच पंखा दचकून वेग घेतो, क्षणात ओसरतो, पुन्हा दचकतो. मन प्रत्येक वेळी मान वळवून पाहते. म्हणून जाणकार लोक मदरबोर्डच्या बायोसमध्ये पंख्याच्या चढउताराला थोडा उशीर लावतात, त्याला क्षणिक तापाकडे दुर्लक्ष करायला शिकवतात. तांब्याच्या वजनदार बैठकीत आणि पत्र्यांत तेवढी सोशिकता असते. क्षुब्ध होण्यापूर्वी काही क्षण थांबणे ही तपस्व्यांनी सांगितलेली गोष्ट एका सेटिंगमध्ये मावते, याची मला मौज वाटते.

इथे मला ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाकडे वळल्यावाचून राहवत नाही. योगाभ्यासाला बसायचे ते स्थळ कसे असावे, याविषयी गीतेचे शब्द मोजके आहेत. ज्ञानदेव मात्र तिथे रेंगाळतात, झाडे लावतात, पाणी आणतात, वारा मंद करतात. ती जागा निवांत हवी हे सांगून झाल्यावर ते जे करतात त्याने मी दरवेळी थक्क होतो. त्या एकांतात ते पाण्याजवळ हंस आणि दोनचार सारस येऊ देतात, कधीकाळी एखादा कोकिळ बसला तर त्यालाही मुभा देतात, आणि मोरांविषयी म्हणतात की सदासर्वकाळ नसोत, पण येऊनजाऊन असतील तर आपली काही हरकत नाही. मोराची केका ज्याने ऐकली आहे त्याला या औदार्याची किंमत कळेल. कार्लाइलच्या दुहेरी भिंतींना जे उमगले नाही ते आळंदीच्या या कवीला साडेपाचशेहून अधिक वर्षे आधी उमगले होते: निःशब्दतेचा हट्ट हाही एक गलबलाच आहे, आणि साधकाला हवा असतो तो अवधानावर हक्क न सांगणारा आवाज. शून्य डेसिबलचा ध्यास मी त्या ओव्यांपाशी सोडला.

पंखाच नको, हा ध्यासही संगणकाच्या इतिहासात वारंवार डोके वर काढतो. स्टीव्ह जॉब्सला पंख्याच्या आवाजाचा तिटकारा होता. १९८० च्या अॅपल-३ मध्ये पंखा नव्हता. आतल्या तापाने चिप आपल्या खोबणीतून सैल होत, आणि यंत्र काही इंच उचलून खाली आपटा म्हणजे त्या पुन्हा बसतील, असा सल्ला ग्राहकांना मिळाल्याची कथा संगणकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. २००० साली आलेला जी-४ क्यूब देखणा, पंख्याविना, माथ्यावरच्या फटींतून तापलेली हवा आपोआप वर जाऊ देणारा. वर्षभरात त्याचे उत्पादन थांबले. पंखा काढायचा तर त्याच्या जागी विस्तार द्यावा लागतो, आणि सौंदर्याचा हा उपासक विस्तार द्यायला तयार नव्हता. नॉक्टुआने २०२१ मध्ये एनएच-पी१ नावाचा पंख्याविना चालणारा कूलर काढला तो जवळजवळ १,२०० ग्रॅमचा, जाड आणि विरळ पत्र्यांचा, काहीसा ओबडधोबड. त्यासाठीही मर्यादशील प्रोसेसरच निवडा असे कंपनीने स्पष्ट बजावले. त्या ओबडधोबडपणात मला अधिक प्रामाणिकपणा दिसतो.

मर्यादेचा हा मुद्दा मात्र कूलरच्या खोक्याबाहेरचा आहे. पूर्वी कूलर प्रोसेसरचे रक्षण करीत असे. आता तो त्याची भूक भागवतो. एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७००० मालिका आणली तेव्हा सांगून टाकले की भरपूर काम पडले असता ९५ अंश सेल्सिअस हे या प्रोसेसरांचे अपेक्षित तापमान आहे. उत्तम कूलर लावा, तो प्रोसेसर थंड होणार नाही. मिळालेली सवलत वेगात खर्च करून पुन्हा त्याच ९५ अंशांशी येऊन भिडेल. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने १८६५ मध्ये कोळशाविषयी हेच निरीक्षण मांडले होते, की इंजिने काटकसरी झाल्याने कोळसा वाचत नाही, उलट अधिक जळतो. पगार वाढल्यावर शिल्लक वाढेल असे मानणाऱ्या आपण सर्वांनी हे अनुभवले आहे. वेगाचा शेवटचा अंश मिळवायला विजेचा दाब वाढवावा लागतो आणि खर्च त्या दाबाच्या वर्गाने वाढत जातो. त्यामुळे विजेची मर्यादा बरीच खाली ओढली तरी काम थोडेसेच मंदावते आणि ताप मात्र डोळ्यांत भरण्याइतका उतरतो. त्यासाठी बायोसमध्ये इको मोड नावाची एक ओळ असते, फुकट. सर्वांत शांत कूलर कोणता, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या ओळीत आहे आणि ती विकण्यात कोणाचाच फायदा नसल्याने दुकानात तिचा उच्चार होत नाही.

मी काय घ्यायचे ठरवले? नॉक्टुआच्या एनएच-डी१५ वर बराच काळ मन जडले होते: दोन टॉवर, सहा नळ्या, पंख्यांसह १,३२० ग्रॅम, १६५ मिलिमीटर उंची, आणि तो तपकिरी-पिवळट रंग, ज्यावर लोक इतके हसले की तो प्रतिष्ठेचे लक्षण झाला. २०१४ चा हा कूलर दुसऱ्या आवृत्तीपर्यंत यायला दहा वर्षे लागली. एका पंख्यावर वर्षानुवर्षे काम करणारी माणसे या घाईच्या धंद्यात टिकून आहेत, याचे मला अप्रूप आहे. प्रोसेसर बसवण्याची नवी सॉकेट आली की जुन्या ग्राहकाला तिचे फिटिंग विनामूल्य पाठवण्याची त्यांची रीत तर वस्तूच्या आयुष्याविषयीचा एक दृष्टिकोन सांगते, जो आपल्या आजोबांना कळला असता आणि आपल्या काळाला विचित्र वाटतो. पण थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन हा सहा नळ्यांचा दुहेरी टॉवर निम्म्याहून कितीतरी कमी किमतीत जवळपास तेच काम करतो, आणि माझ्या ६५ वॅटच्या प्रोसेसरला तोही सढळच. नखाएवढ्या सिलिकॉनमधून उष्णता बाहेर पडण्याचीच एक गती असते. तिच्यापलीकडे अंगण कितीही वाढवले तरी दारातली गर्दी हटत नाही. पाण्याच्या बंदिस्त कूलरांचा मोह मी टाळला. त्यांचा पंप अखंड गुणगुणतो आणि त्यांच्या नळ्यांतून पाणी वर्षांमागून वर्षे रेणूरेणूने उडत राहते. तांब्याच्या नळीला असे वय नसते. तेव्हा स्वस्त टॉवर, महागड्या कूलरच्या वाचलेल्या पैशांतून कॅबिनेटला हवेशीर जाळी आणि दोन मोठे संथ पंखे, असा निर्णय झाला. कॅबिनेटची रुंदी मोजून घ्यावी हे सांगायला हवे. १५५ मिलिमीटरचा टॉवरही पुष्कळ ठिकाणी काचेला टेकतो.

या सगळ्या आकड्यांमागे मध्य युरोपातली वीस-बावीस अंशांची खोली गृहीत आहे, हे आपल्याला विसरता येत नाही. कुठलाही वाऱ्याचा कूलर भोवतालच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. चंद्रपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की त्या प्रयोगशाळेतल्या यशात वीस-पंचवीस अंश सरळ मिळवावे लागतात. पण त्या दुपारी छताचा पंखा इतक्या जोरात फिरत असतो की टेबलाखालचा उच्छ्वास ऐकायला कोणाला सवड? आपल्याकडे संगणकाचा आवाज हा ऋतूचा प्रश्न आहे. मार्गशीर्षात छताचा पंखा बंद होतो, खिडक्या लागतात, आणि आठ महिने दबून राहिलेली ती घरघर एकाएकी खोलीत प्रकटते, जणू ती आत्ताच सुरू झाली. पुण्यात शांत कूलरची चौकशी थंडीत वाढत असावी असा माझा नुसता कयास आहे.

मात्र कूलरने उष्णता नाहीशी केली, असे आपण म्हणतो तेव्हा भाषेला जरा ढील देत असतो. त्याने ती चिपवरून खोलीत आणून सोडली. खोलीत एसी असेल तर तो तिला भिंतीपलीकडे लोटतो, आणि तिथे समोरच्या इमारतीतल्या कोणाच्या तरी शयनगृहाच्या खिडकीसमोर त्याचे बाहेरचे यंत्र रात्रभर गुरगुरते. तिथेही हे थांबत नाही. माझ्या हातातला फोन पूर्णतः निःशब्द आहे, कारण त्याचे जड विचार दुसरीकडे चालतात. ऐरोली, महापे, पनवेल या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या माहिती-केंद्रांच्या बिनखिडक्यांच्या दालनांत चपट्या सर्व्हरमधले चाळीस मिलिमीटरचे पंखे मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेत किंचाळत असतात आणि माणसांना तिथे कानांवर संरक्षक चढवून वावरावे लागते. जागा महाग आहे, म्हणून तिथे संथपणा परवडत नाही. सारे काही ढगांवर सोपवून एक चपटा, मुका लॅपटॉप घ्यावा हा सल्ला मला अनेकांनी दिला, आणि तो व्यवहाराला धरून होता. डेस्कटॉप जुळवण्यामागे माझ्या मनात हाही हिशेब थोडा आहे: माझ्या गणनेची उष्णता निदान माझ्या खोलीत निघेल, आणि तिचा आवाज कितपत चालवून घ्यायचा हे ठरवताना मला माझ्याच कामाची गरज तपासावी लागेल.